विंचवाचा उतारा: हर्णे ते महाड

कोकणात प्रामुख्याने दोन तऱ्हेचे विंचू आढळतात. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असते, पण तिच्या दंशाने सहसा जीव जात नाही. बोटाएवढाही नसलेला तांबूस लाल विंचू मात्र लहान मुलाचा बळी घेऊ शकतो. प्राणिशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७९८ मध्ये या लाल विंचवाच्या जातीला नाव दिले. पुढे १९०० साली पोकॉकने तिच्या कोकणातल्या उपजातीचे वर्णन केले आणि तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आले. हर्णे-दापोलीच्या पट्ट्यात जांभ्याचे गडगे, कौलारू घरे, पडवीतला लाकूडफाटा, पेंढा आणि नारळाची सोडणे अशी विंचवाला लपायला सोयीची जागा पावलोपावली आहे. उन्हाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत दंश वाढतात. रात्री खुंटीवरचा सदरा अंगात घालताना मूल एकाएकी किंचाळते, आणि बहुतेक वेळा विंचू कोणाच्या दृष्टीसही पडत नाही.

मंत्राने विंचू ‘उतरवणारा’ माणूस गावोगाव असे. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडासाठी विंचवाचेच रूपक घेतले, त्यावरून दंश आणि त्याचा उतारा लोकांच्या किती ओळखीचा होता हे दिसते. मंत्राचा गुण येई असे वाटण्याला कारणही होते. बहुसंख्य दंशांत वेदना हेच एकमेव लक्षण असते आणि काही तासांत ती आपोआप ओसरते. घोळ इथेच होई. लाल विंचवाचे विष अंगभर भिनलेल्या रुग्णाला दंशाच्या जागी वेदना अनेकदा कमीच असते. मूल रडायचे थांबले म्हणजे विंचू उतरला असे घरचे समजत, आणि त्याच वेळी त्याला दरदरून घाम सुटत असे, तोंडातून लाळ गळत असे, उलट्या होत आणि हातपाय गार पडत.

गार हातपायांचे हे मूल रुग्णालयात पोचले तरी कोडे सुटत नसे, कारण गार पडलेले, निपचित मूल दोन अगदी उलट कारणांनी तसे होऊ शकते. दोन्ही कारणांचा संबंध मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीशी आहे. या ग्रंथीचे बाहेरचे कवच कॉर्टिसॉल बनवते, तर गाभा ॲड्रिनॅलिन. कवच निकामी झाले की काय होते, हे लंडनच्या थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये नोंदवले: अशक्तपणा, उलट्या, त्वचेचा काळवंडलेला रंग आणि शेवटी मृत्यू. त्या काळी यामागे बहुधा क्षयरोग असे. लहान मुलांत जन्मजात विकार, मेनिंगोकॉकस जंतूच्या संसर्गात ग्रंथीत होणारा रक्तस्राव किंवा बरेच दिवस चाललेली स्टेरॉइड एकाएकी बंद करणे ही कारणेही आढळतात. असे मूल खंगते. रक्तातील साखर घसरते, सोडियम उतरते, पोटॅशियम चढते. १९४८ मध्ये अमेरिकन डॉक्टर हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन हे कॉर्टिसॉलसारखे स्टेरॉइड दिले. १९५० मध्ये बाल्टिमोरच्या लॉसन विल्किन्स यांनी जन्मजात अधिवृक्क विकार असलेल्या रुग्णाला तेच औषध दिले, आणि ग्रंथीचे हे विकार आवाक्यात आले.

स्टेरॉइडचा दबदबा त्यानंतर इतका वाढला की रुग्ण शॉकमध्ये दिसला की स्टेरॉइड टोचायची रीत पडली. विंचूदंशही त्यातून सुटला नाही. स्टेरॉइड, ॲट्रोपिन, ॲलर्जीची इंजेक्शने, गुंगी आणणारे मिश्रण आणि सलाइनच्या बाटल्या, असा सगळा मारा होई. पी. एम. मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरते हे लिहिले होते. पण फुप्फुस का भरते याचा उलगडा होईपर्यंत उपचार अंदाजानेच चालले. त्या काळी पश्चिम भारतात गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी जवळपास ३० टक्के दगावत.

उलगडा झाला तो हर्ण्याच्या ईशान्येला, सावित्री नदीच्या काठावरच्या महाड तालुक्यात. बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळणारी ही नदी मुखाकडे रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांची सीमा आहे, पण विंचू ती मानत नाही. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. जवळ यंत्रे जवळजवळ नव्हती. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि हातापायांची ऊब तासातासाला टिपून ठेवणे एवढेच त्यांच्या हाती होते. १९८२ मध्ये ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. दंश झालेल्या या मुलांची अधिवृक्क ग्रंथी रिती झालेली नसते. विषाने मज्जातंतू आणि ग्रंथीचा गाभा पिळून ॲड्रिनॅलिन व त्याच्या जातीच्या द्रव्यांचा लोंढा रक्तात सोडलेला असतो. रक्तवाहिन्या आवळतात म्हणून हातपाय गार, आणि हृदय त्या दाबाविरुद्ध झुंजून थकते म्हणून फुप्फुसात पाणी. ॲडिसनच्या रोगात साखर घसरते, इथे ती चढते. तिथे भरपूर सलाइन प्राण वाचवते, इथे तेच सलाइन आधीच भरलेल्या फुप्फुसात जाऊन बसते.

यावरचा तोडगा वरवर पाहता उफराटा होता. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले, मग प्राझोसिनची गोळी. हे रक्तदाब उतरवण्याचे औषध, आणि ते गारठलेल्या मुलाला द्यायचे! पण ते आवळलेल्या वाहिन्या सैल करते. वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. गोळी पोटात गेल्यावर मुलाला उचलून उभे करायचे नाही, नाहीतर दाब एकदम कोसळतो. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अनुभव छापला. महाडमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर उतरले. बरे होणारे मूल दंशाची जागा दुखते म्हणून पुन्हा कुरकुरू लागते, आणि तीच शुभ खूण ठरते. मंत्राच्या काळी वेदना थांबणे हे यश मानत, त्याच्या हे नेमके उलट आहे.

नंतर मुंबईच्या हाफकिन संस्थेने लाल विंचवाच्या विषावरचे प्रतिविष तयार केले. चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात डॉ. नाटू आणि सहकाऱ्यांनी ते रुग्णांना दिले आणि अनुभव २००६ मध्ये प्रसिद्ध केला. महाडमध्ये बावस्कर दाम्पत्याने ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ पैकी ८ जण. स्टेरॉइडबद्दलचा वाद त्याआधीच निकाली निघाला होता. ट्युनिशियात झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हायड्रोकॉर्टिसोनचा काहीच उपयोग दिसला नाही.

तरीही दापोलीपर्यंत गार हातपायांनी आलेल्या प्रत्येक मुलाला विंचूच चावलेला असतो असे नाही. दंशाची खूण आणि घाम-लाळ नसेल, साखर घसरलेली असेल, त्वचा काळवंडलेली असेल, किंवा मूल दमा किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी महिनोन्महिने स्टेरॉइड घेत असेल आणि ती बंद पडली असेल, तर ॲडिसनचीच गोष्ट समोर असते. अशा वेळी कॉर्टिसॉलसाठी रक्त घेऊन ठेवायचे, पण निकालाची वाट पाहायची नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ५० ते १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन लगेच शिरेतून द्यायचे, किलोमागे २० मिलिलिटर सलाइन आणि ग्लुकोज सुरू करायचे.