फुलानींची वंशकथा व हिंवतापाची साक्ष

वंशावळी हें इतिहासाचें साधन म्हणून कितपत ग्राह्य धरावें, हा वाद या त्रैमासिकाच्या वाचकांस नवा नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतील फुलानी नामक गोपालकांच्या बाबतींत या वादांत हिंवतापाचीही साक्ष निघाली आहे. तिचा परामर्श येथें घ्यावयाचा आहे.

फुलानींच्या कांहीं परंपरांत उक्बा हा अरब सेनापति मूळपुरुष सांगितला जातो. भाषा निराळें सांगते; सेनेगलमधील सेरेर ही तिची निकटची भगिनी होय. १८०४ सालीं उस्मान दान फोदियो यानें धर्मयुद्ध आरंभिलें व पुढें फुलानींचीं राज्यें बळावलीं. शेजारच्या शेतकरी जमातींतील पुष्कळ लोक त्यांच्या दास्यांत पडले. हल्लींच्या बुर्किना फासो देशांत अशा दासांच्या वंशजांस रिमाइबे म्हणतात. धन्याची भाषा व चालीरीती त्यांनीं उचलल्या. पण दासाची वंशावळ कोण लिहून ठेवतो?

याच देशांत वागादुगू शहराजवळील खेड्यांत राहणाऱ्या फुलानी, मोसी व रिमाइबे यांची तुलना मोदियानो प्रभृति संशोधकांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केली. डास तेच, दंशाचें प्रमाणही सारखेंच. तथापि फुलानींच्या रक्तांत हिंवतापाचे जंतु कमी, ज्वर कमी, आणि जंतूंविरुद्ध शरीर जीं प्रतिद्रव्यें निर्माण करतें तीं अधिक आढळलीं. रिमाइबे भाषेनें फुलानी खरे, परंतु हिंवताप त्यांस मोसींप्रमाणेंच होतो. रक्तांतील पेशींवरील ज्या खुणांनीं शरीर आप-पर ओळखतें, त्या ठरविणाऱ्या जनुकांची तुलना २००१ सालीं झाली. तींतही रिमाइबे मोसींच्या निकट व फुलानींपासून दूर ठरले. ज्यांचा कागद नाहीं त्यांच्या कुळाविषयीं एवढा पुरावा मिळावा, हें आम्हांस फुलानींच्या आरोग्यापेक्षां अधिक मोलाचें वाटतें.

कोणी यावरून अरब कुलीनत्व सिद्ध करूं पाहील, तर तें टिकणार नाहीं. दात्रपेशीसारखीं हिंवतापरोधक म्हणून प्रसिद्ध असलेलीं जनुकें फुलानींत अधिक नाहींत. गांबियांत १९९१ सालीं उपकारक दिसलेली बी-५३ ही खूणही नाहीं. भेद प्रतिद्रव्यें निर्माण करण्याच्या शक्तींत आहे व तो अनेक जनुकांवर अवलंबून दिसतो. फुलानींत उत्तर आफ्रिकेचा कांहीं अंश अलीकडील परीक्षांत आढळतो हें खरें. पण अंश म्हणजे उक्बा नव्हे.

जुन्या दप्तरांच्या अभ्यासकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १८४७ सालीं डेम्पस्टर यांनीं यमुनेच्या कालव्यांकाठच्या गांवांत वाढलेल्या पानथऱ्या मोजून हिंवतापाचें मान काढलें, व पुढें ती पद्धति सर्वत्र रूढ झाली. फुलानींच्या रक्तांत जंतु कमी असूनही पानथरी मात्र शेजाऱ्यांपेक्षां अधिक वाढलेली असते. तेव्हां निरनिराळ्या जमातींच्या अशा गणना एकमेकींशेजारीं मांडून कोणत्या जमातीस हिंवताप अधिक होता असा निष्कर्ष काढण्यापूर्वीं, मोजलेले लोक कोण होते हें आधीं पाहिलें पाहिजे.