घोड्याच्या पोटातील व्रण

खोगीर चढवून तंग आवळू लागावे, तो एखादा घोडा कान मागे पाडतो आणि मोतद्दाराच्या दंडाकडे तोंड वळवतो. चंदी पुढे ठेवली तर दोन घास खाऊन बाजूला होतो; गवत मात्र चघळत राहतो. अंगावरची तकाकी गेलेली असते, शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात मागे पडतो. अशा जनावराला आपल्याकडे काय म्हणतात ते आपणांस ठाऊक आहेच. नाठाळ, खोडकर, अंगचोर! मग चाबूक. त्याच्या पोटात जखमा असतील ही शंका फार काळ कोणी गांभीर्याने घेतली नाही. ती का घेतली नाही आणि मग कशी घेतली गेली, त्याची ही हकीकत.

घोड्याच्या दुखण्यांचा विचार नवा नाही. विराटाच्या घरी नकुलाने अश्वपालाचेच काम पत्करले होते, आणि शालिहोत्राच्या नावावर तर अश्वविद्येची सारी परंपराच चालत आली. घोड्याला पोटशूळ होतो, हे जुन्या जाणत्यांना चांगले माहीत होते. युरोपात १७६२ साली लियॉन येथे पशुवैद्यकाची शाळा निघाली; आपल्या मुंबईत परळला असे महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. मेलेल्या घोड्याचे जठर उघडून पाहणाऱ्यांना आत भिंतीला चिकटलेल्या गोचिडासारख्या अळ्या दिसत. त्या एका माशीच्या अळ्या. ब्रेसी क्लार्क या इंग्रज पशुवैद्याने १७९७ साली त्यांवर मोठा अभ्यासपूर्ण निबंध लिहिला. पोट बिघडले की बोट त्या अळ्यांकडे दाखवणे सोपे होते, कारण त्या डोळ्यांना दिसत होत्या.

जिवंत घोड्याच्या पोटात मात्र डोकावता येत नव्हते. माणसासाठी लवचिक काचतंतूंची दुर्बीण १९५७ साली तयार झाली. पण घोड्याची नाकपुडी ते जठर हे अंतर काही माणसाचे नव्हे! त्याला तीन मीटरच्या आसपास लांब नळी लागते. तशी नळी पशुवैद्यांच्या हाती येऊन तिचा वापर रुळायला १९८०चे दशक उजाडावे लागले.

त्याच दशकात, १९८६ साली, हाँगकाँगहून एक लेख प्रसिद्ध झाला. हाँगकाँगात घोड्यांची पैदास होत नाही. शर्यतीचे घोडे बाहेरून आणायचे, तबेल्यात ठेवायचे आणि पळवायचे. तिथल्या पशुवैद्यांनी १९५ थरोब्रेड घोड्यांची मरणोत्तर तपासणी केली, तेव्हा शेकडा ६६ घोड्यांच्या जठरात व्रण सापडले. जे थेट शर्यतीच्या तालमीतून आले होते, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ८० होते. महिनाभर किंवा अधिक काळ तालीम सुटलेल्यांत शेकडा ५२. या दोन आकड्यांतला फरक नीट पाहा. दोष घोड्याच्या जातीत असता, तर तालीम सुटल्याने इतका फरक पडता ना. माझ्या मते घोड्यावरचा नाठाळपणाचा आरोप इथेच ढिला झाला.

मग कारण काय? घोड्याचे शरीर दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडेथोडे चरण्यासाठी घडलेले आहे. एवढ्या मोठ्या देहात जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचे. माणसाच्या पोटात जेवणाच्या वेळी आम्ल जास्त सुटते. घोड्याच्या पोटात ते रात्रंदिवस झरतच असते, पोट भरलेले असो की रिकामे. त्यावर उतारा म्हणजे लाळ, आणि लाळ सुटते ती चावण्याने. गवत चावायला वेळ लागतो, दाणा चटकन संपतो. शिवाय जठराच्या वरच्या भागाला खालच्या भागासारखे बुळबुळीत संरक्षक अस्तर नाही. घोडा भरधाव पळतो तेव्हा पोटाच्या स्नायूंच्या दाबाने खालचे आम्ल त्या उघड्या भागावर चढते, हे २००२ साली फ्लॉरिडात घोडे चालत्या पट्ट्यावर पळवून दाखवण्यात आले.

आपल्या इतिहासातही घोड्याच्या उपासाची काळजी आढळते. राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा, वैरण आत्ताच उधळलीत, तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ते पाप तुमच्या माथी येईल, अशी सक्त ताकीद त्यात आहे. ती चिंता दुष्काळी उपासाची, पागा जगवण्याची होती. तबेल्यातल्या भरल्या घरच्या घोड्यालाही रोज थोडा उपास घडतो, हे पुढे कळले. संध्याकाळचा तोबरा उतरला की पहाटेपर्यंत त्याच्यापुढे काही नसते. १९९६ साली अमेरिकेत घोड्यांना एक दिवस खायला देऊन एक दिवस उपाशी ठेवण्याचा प्रयोग झाला, आणि अवघ्या काही दिवसांच्या उपासाने निरोगी जठरात व्रण उठले.

माणसाच्या अल्सरमागे बहुधा एक जंतू असतो, हा शोध ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल यांनी लावला व २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. त्यावरून घोड्याचा अंदाज बांधू नये. त्याच्या बाबतीत तसा पुरावा मिळालेला नाही. मात्र लंगड्या घोड्याला दुखणे थांबवण्यासाठी बरेच दिवस दिलेली फेनिलब्युटाझोनसारखी औषधे त्याचे जठर खरोखर सोलतात.

उपचाराचे म्हणाल, तर आम्ल थोपवणारे ओमेप्राझोल घोड्यांसाठी अमेरिकेत १९९९ साली मंजूर झाले. ते साधारण चार आठवडे द्यावे लागते, पशुवैद्याच्या सल्ल्याने आणि दुर्बिणीने खात्री करून. पण औषध संपले आणि दिनक्रम तोच राहिला, तर व्रण परत येतात. म्हणून दाण्याचा रतीब कमी करून तो दोन-तीन वेळांत वाटून द्यावा, रात्रीसाठी वैरण ठेवावी, पाणी कायम पुढे असावे, आणि जमेल तेव्हा घोडा मोकळा चरायला सोडावा. तालमीआधी थोडी वैरण खाऊ घालणेही चांगले, म्हणजे आम्ल वर उसळत नाही. लसूणघासात कॅल्शियम व प्रथिने भरपूर असल्याने तो आम्लाची धार बोथट करतो.

२०१५ साली युरोपातील तज्ज्ञांनी जठराच्या वरच्या भागातील आणि खालच्या भागातील व्रण हे वेगळे आजार मानावेत, असे ठरवले. वर सांगितले ते बहुतेक वरच्या भागाला लागू. खालचे व्रण जास्त हट्टी. त्यांवर एकट्या ओमेप्राझोलचा उपयोग कमी होतो, आणि अशा घोड्याला आठवड्यातून काही दिवस कामातून पूर्ण सुट्टी द्यावी लागते.