हळदीचा लेप आणि प्रयोगशाळेचा निवाडा

पाय मुरगळून सूज आली कीं हळद पाण्यांत खलून, पळींत ऊन करून तिचा लेप घालावयाचा आणि विळीवर बोट कापलें कीं तीच हळद जखमेंत दाबावयाची, हा महाराष्ट्रांतील घरोघरचा जुना परिपाठ आहे. हळदीच्या अंगीं हा गुण कोठून आला, हा प्रश्न मात्र आजीबाईंच्या बटव्याला कधीं पडला नाहीं. तो पडला रसायनशास्त्राला.

१८१५ सालीं फोगेल व पेल्तिए यांनीं हळदींतून पिवळें द्रव्य वेगळें काढून त्यास ‘कर्क्युमिन’ हें नांव दिलें. त्याची रासायनिक घडण उलगडण्यास १९१० साल उजाडावें लागलें. पुढें १९७३ सालीं लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंतील श्रीमल व धवन यांनीं प्राण्यांवर प्रयोग करून कर्क्युमिननें सूज उतरते, असें दाखवून दिलें.

गुणाबरोबर मालकीचाही प्रश्न उभा राहिला. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास हळदीनें जखम भरून आणण्याबद्दल पेटंट मिळालें. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली. गोमंतकांतील माशेल गांवीं जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हां परिषदेचे महासंचालक होते. ‘आमच्या आज्या हेंच करीत आल्या’ एवढ्यानें भागणारें नव्हतें. लेखी पुरावा हवा होता. जुने ग्रंथ व नियतकालिकें धुंडाळून परिषदेनें ३२ आधार पुढें ठेविले. १९९७ सालीं पेटंटचे दावे फेटाळले गेले.

या विजयाच्या आनंदांत एक भेद विसरतां कामा नये. वापर जुना ठरला, म्हणून गुण सिद्ध झाला असें होत नाहीं. हळदींत कर्क्युमिन शेंकडा दोन ते पांच भागच असतें आणि पोटांत घेतलेलें कर्क्युमिन रक्तांत फारच थोडें उतरतें. मिऱ्यांतील पायपेरीन जोडीस दिल्यास तें पुष्कळ अधिक उतरतें, असें बंगलोरच्या संशोधकांनीं १९९८ सालीं दाखविलें. २०१४ सालीं थायलंडमध्यें गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रोग्यांवर चाचणी झाली. तींत हळदीचा अर्क वेदना शमविण्यांत आयबुप्रोफेनच्या तोडीस उतरला. उलट, २०१७ सालच्या एका चिकित्सक आढाव्यानें कर्क्युमिनचें यश अद्याप निर्णायकपणें सिद्ध झालेलें नाहीं, असा निष्कर्ष काढला.

आज्यांनीं जपलेला वारसा जुन्या कागदपत्रांनीं वांचविला. त्याचा नेमका गुण किती, हें तोलून पाहण्याचें काम अजून चालू आहे. आणि त्या तराजूस भिण्याचें हळदीला कारण नाहीं.