शेलूबाजारच्या तुरीचा भाव म्यानमारमुळे का हलतो?

शेलूबाजार हे वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. सोयाबीन, तूर, हरभरा ही या भागातली मुख्य पिकं. जानेवारीत इथे नवी तूर विक्रीला येते. साधारण त्याच दिवसांत शेजारच्या म्यानमारमध्येही तुरीची काढणी सुरू असते. खरी अडचण इथेच आहे.

म्यानमारमध्ये तूर फारशी खाल्ली जात नाही. तिथले शेतकरी ती प्रामुख्याने भारतासाठीच पिकवतात. व्यापारी तिला ‘लेमन तूर’ म्हणतात. दोन्ही देशांची सीमा लागून असली तरी हा माल येतो जहाजाने, चेन्नई आणि मुंबई बंदरात. डाळ मिलवाला बंदरातला भाव आणि विदर्भातला भाव समोरासमोर ठेवूनच खरेदी करतो. बंदरातला भाव टनामागे 100 डॉलरनी उतरला, तर डॉलर 85 रुपये धरून क्विंटलमागे 850 रुपयांचा फरक पडतो. मग इथली बोलीही खाली येते.

मोझांबिकची तूर मात्र ऑगस्ट-सप्टेंबरनंतर येते. तोवर आपल्याकडच्या बहुतेक छोट्या शेतकऱ्यांनी माल विकलेला असतो. म्हणजे आयात किती झाली याइतकंच ती कधी झाली हेही महत्त्वाचं. चर्चेत हा मुद्दा क्वचितच येतो.

2021 मध्ये भारताने म्यानमारशी करार केला: 2021-22 ते 2025-26 अशी पाच वर्षं, दरवर्षी 1 लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद. मोझांबिकसाठी तुरीचा आकडा 2 लाख टन. पण मे 2021 मध्ये तुरीची आयात तशीही खुली करण्यात आली. तिची मुदत वाढत गेली आणि जानेवारी 2025 मध्ये ती 31 मार्च 2026 पर्यंत नेण्यात आली.

मग अन्याय नेमका कुणावर? फक्त आपल्यावर, असं म्हणणं सोपं आहे, पण अर्धवट. 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली, तेव्हा दोन्हीकडे पेरा वाढला. 2016-17 मध्ये भरघोस पीक आलं, भाव कोसळले आणि ऑगस्ट 2017 मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. म्यानमारच्या शेतकऱ्याला दुसरं मोठं गिऱ्हाईकच नव्हतं. तिथलेही भाव पडले. पाच वर्षांच्या करारामागे हीच पार्श्वभूमी आहे: आधी सांगा, मग पेरतो.

इथल्या शेतकऱ्याला कसली खात्री आहे? हमीभावाची. तुरीचा हमीभाव 2024-25 साठी 7,550 रुपये होता, 2025-26 साठी 8,000. पण 2024 मध्ये 10 हजारांपुढे गेलेली तूर 2025 मध्ये हमीभावाच्याही खाली आली. व्यापाऱ्याला त्या भावाने खरेदी करण्याची सक्ती नाही. नोंदणी केलेले शेतकरी देतील तेवढी तूर, उडीद आणि मसूर नाफेड आणि एनसीसीएफ चार वर्षं घेतील, असं 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. कागदावर हे चांगलंच आहे. प्रत्यक्षात नोंदणी, ओलाव्याची 12 टक्क्यांची अट आणि पैसे खात्यात येईपर्यंतची वाट, हे सगळं असतंच. ज्याला उधारी फेडायची आहे, तो रोख देणाऱ्या अडत्याकडे जातो.

डाळ स्वस्त हवी, ही शहरातल्या ग्राहकाची मागणी चुकीची नाही. शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे की आयातीचा भाव हमीभावाच्या खाली जाऊ नये एवढं शुल्क लावा. तसं शुल्क फक्त जानेवारी ते मार्च लावता येईल का, हा त्यातला अधिक व्यवहार्य प्रश्न.