रापण्याचे व्यसन

उन्हाने रापलेली कातडी ही युरोपात फार काळ शेतात राबणाऱ्यांची खूण मानली जाई. खानदानी स्त्रिया छत्रीशिवाय उन्हात जात नसत. पुढे कारखाने आले, कष्टकरी छपराखाली गेले आणि फिकट पडले. आता रापायला सवड लागू लागली. गोरेपणाच्या जाहिराती रोज पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे उलटेच वाटेल!

या हौसेला वैद्यकाचाही आशीर्वाद मिळाला. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल १९०३चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९१९मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याने मुडदूस बरा करून दाखवला. हे उपचार खरोखर गुणकारी होते. पुढे गरज ओसरली, पण 'रापलेला तो निरोगी' ही समजूत राहिली. १९७०च्या दशकाअखेर अतिनील दिव्यांच्या पलंगांची पार्लरे निघाली आणि भर हिवाळ्यातही रापता येऊ लागले.

२००९मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे दिवे तंबाखूच्याच गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारक म्हणून नोंदवले. तरी काही माणसे थांबेनात. धोका ठाऊक असून ती जात राहिली. हे केवळ रूपाचे वेड होते का?

२००६मध्ये अमेरिकेत सतत रापणाऱ्या ८ जणांना अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिले गेले. त्यांपैकी चौघांना मळमळ, अस्वस्थता असा त्रास झाला. क्वचित रापणाऱ्यांना तो झाला नाही. खुलासा २०१४मध्ये डेव्हिड फिशर यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आणला. अतिनील किरणांनी पेशीतल्या डीएनएला इजा झाली की त्वचा एक मोठे प्रथिन बनवते. त्याच्या एका तुकड्यामुळे मेलॅनिन तयार होते, आणि दुसरा तुकडा असतो बीटा-एंडॉर्फिन, शरीराची स्वतःची अफूच म्हणा ना! रोज किरण मिळालेल्या उंदरांना ते रोखणारे औषध दिले, तेव्हा व्यसन तुटताना होतो तसा थरकाप त्यांना सुटला.

म्हणून अशा माणसाला मूर्ख ठरवणे आम्हांला अन्यायाचे वाटते. नुसती कर्करोगाची भीती घालूनही भागत नाही. वीस वर्षांच्या मुलीला तो फार दूरचा वाटतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणींना सुरकुत्या आणि डागांविषयी सांगणाऱ्या पुस्तिका दिल्या, तेव्हा त्यांच्या पार्लरच्या फेऱ्या कमी झाल्या. ब्राझीलने २००९मध्ये ही पार्लरेच बंद केली, आणि २०१५च्या प्रारंभी ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांनीही.