पूर्वजांच्या गावी पाहुणा
युरोपला निघालेल्या अमेरिकनांना केलेला पावणेदोनशे वर्षांचा उपदेश

अमेरिकेत आज राहणाऱ्यांपैकी फार मोठ्या समाजाचे मूळ युरोपात आहे, हे आपण शाळेच्या पुस्तकातच वाचलेले असते. परंतु तिकडे गेलेल्या माणसांची नातवंडे-पणतवंडे पुढे युरोप पाहण्यास उलट दिशेने येऊ लागली, तेव्हा त्यांना कोणत्या सूचना द्याव्या लागल्या, याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. प्रवाशांसाठी लिहिलेली पुस्तके दर, वेळापत्रके आणि खानावळींचे पत्ते यांनी भरलेली असतात. चार वर्षांत ती निरुपयोगी होतात आणि रद्दीत जातात. तरीही एका समाजाने दुसऱ्या समाजाकडे कोणत्या नजरेने पाहिले, याचा चोख पुरावा त्यांतच सापडतो. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले आणि नातवंडे आता अमेरिकेची नागरिक आहेत आणि सुटी मिळताच युरोप पाहून येतात. तेव्हा हा विषय आपल्यालाही अगदी परका नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अटलांटिक ओलांडण्यास शिडाच्या जहाजाला तीन-चार आठवडे, वारा प्रतिकूल असल्यास त्याहूनही अधिक लागत. १८३८ मध्ये ‘ग्रेट वेस्टर्न’ या आगबोटीने ब्रिस्टलहून न्यूयॉर्क पंधरा दिवसांत गाठले आणि प्रवासाचा हिशेबच बदलला. तरी प्रवास धनिकांचाच राहिला. या समजुतीला पहिला तडा दिला तो पेनसिल्व्हेनियाच्या बेयर्ड टेलर या तरुणाने. १८४४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो निघाला आणि पाठीवर पिशवी व हाती काठी घेऊन दोन वर्षे युरोपभर पायी हिंडला. या साऱ्या भ्रमंतीला त्याला सुमारे ५०० डॉलर लागले. १८४६ मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या खपल्या. ओझे थोडे असावे, खेड्यातील खाणावळीत उतरावे, आणि भाषा चुकतमाकत का होईना बोलावी, हा धडा त्या भ्रमंतीतून अमेरिकन वाचकांना मिळाला. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे तोच फिरून फिरून सांगितला गेला.

त्या काळी इंग्रज प्रवाशाजवळ मरे या प्रकाशकाची मार्गदर्शिका असे. जर्मनीच्या बेडेकर यांची लाल पुठ्ठ्याची पुस्तके १८६१ पासून इंग्रजीतही निघू लागली. दोन्ही प्रकाशक एका देशाला वा प्रांताला एक स्वतंत्र पुस्तक देत. अमेरिकनाची गरज निराळी होती. तो आयुष्यात बहुधा एकदाच येणार, आणि एका खेपेत सारे पाहू म्हणणार. म्हणून १८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्पर कंपनीने फेट्रिज यांची मार्गदर्शिका काढली, तीत सारा युरोप आणि पूर्वेकडील देशही एकाच ग्रंथात कोंबले होते. अमेरिकन प्रवाशाच्या घाईची थट्टा पुढे पुष्कळ झाली. पण त्या घाईच्या मुळाशी समुद्राची रुंदी आणि सुटीची मर्यादा होती, हे विसरता येत नाही.

या पार्श्वभूमीवर ८ जून १८६७ रोजी न्यूयॉर्कहून ‘क्वेकर सिटी’ हे जहाज निघाले. माणशी भाडे १२५० डॉलर होते. प्रवाशांत वार्ताहर म्हणून मार्क ट्वेन होता, आणि त्याने लिहिलेले ‘द इनोसंट्स अब्रॉड’ १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवरचा अमेरिकन युरोपला काहीसा तीर्थयात्रेला गेल्यासारखा जाई. पुस्तकाने जेथे भारावून जावे असे लिहिले असेल, तेथे तो निमूटपणे भारावे. ट्वेनने त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यास शिकवले. जिनोआत वाटाड्या मोठ्या अभिमानाने कोलंबसाचे हस्ताक्षर दाखवतो, आणि ही मंडळी मुद्दाम मख्ख चेहरा करून अक्षर वाईट असल्याची तक्रार करतात! मात्र याच पुस्तकात त्याने आपल्या देशबांधवांनाही सोडलेले नाही. परदेशात मोठ्याने बोलणारा, आपल्या देशाची फुशारकी मिरवणारा अमेरिकन त्याने तेवढ्याच तिखटपणे रंगवला आहे. उपदेशाची दुसरी ओळ येथे लिहिली गेली. भारावून जाऊ नये, आणि तोराही मिरवू नये.

पैशांची अडचण निराळीच होती. प्रवासी आपल्या पेढीचे पतपत्र घेऊन निघे. आपल्याकडील हुंडीसारखाच हा विश्वासाचा व्यवहार होता. परंतु मोठी शहरे सोडली की ते पत्र ओळखणारी पेढी सापडत नसे. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीचे अध्यक्ष जे. सी. फार्गो यांनाच युरोपात हा अनुभव आला आणि ते संतापून परतले. त्यांच्या सांगण्यावरून मार्सेलस बेरी या कर्मचाऱ्याने १८९१ मध्ये प्रवासी धनादेश तयार केला. विकत घेताना एक सही, वटवताना दुसरी. दोन्ही जुळल्या की पैसे मिळत. एवढ्या साध्या युक्तीवर पुढील शंभर वर्षांचा प्रवास चालला.

ही व्यवस्था किती नाजूक होती, हे १९१४ च्या ऑगस्टमध्ये दिसले. महायुद्ध पेटले तेव्हा लाखाहून अधिक अमेरिकन युरोपात होते. पेढ्यांनी व्यवहार थांबवले, जहाजे रद्द झाली, आणि श्रीमंत माणसे हातात कागद असून उपाशी राहण्याची वेळ आली. लंडनमध्ये असलेले खाण अभियंते हर्बर्ट हूवर, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी या मंडळींना पैसे व परतीची सोय मिळवून देण्याचे काम अंगावर घेतले. अमेरिकन सरकारने ‘टेनेसी’ या युद्धनौकेवरून सोने धाडले. त्यापूर्वी रशिया व तुर्कस्तान सोडल्यास युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्टावाचून फिरता येत असे; युद्धाने ती मोकळीक कायमची संपवली. कागदपत्रे जवळ हवीत आणि सर्व पैसा एका ठिकाणी असू नये, ही आजही दिली जाणारी सूचना त्या उन्हाळ्यातील धडा आहे.

यानंतरची एक घटना आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने स्थलांतरितांची संख्या फार कमी केली. वर्षानुवर्षे गरीब इटालियन, पोलिश, ज्यू कुटुंबांना पश्चिमेकडे नेणारे जहाजांचे खालचे मजले एकाएकी ओस पडले. जहाज कंपन्यांनी ते साफसूफ करून ‘टूरिस्ट थर्ड’ नावाचा नवा वर्ग काढला, आणि स्वस्त भाड्यात विद्यार्थी व शिक्षक पूर्वेकडे जाऊ लागले. ज्या मजल्यावरून आजोबा भुकेने गेले, त्याच मजल्यावरून नातू चित्रे पाहण्यास आला.

दुसऱ्या महायुद्धात प्रवासी बदलला. तो गणवेशात आला. १९४२ मध्ये अमेरिकेच्या युद्धखात्याने ब्रिटनला जाणाऱ्या सैनिकांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. सारे आयुष्य शासकीय सेवेत गेल्यामुळे आम्ही परिपत्रके पुष्कळ वाचली आणि थोडी लिहिलीही. पण इतकी माणुसकी असलेले सरकारी लिखाण विरळाच. तुमचा पगार त्यांच्या सैनिकाहून जास्त आहे, तो मिरवू नका. ते कमी बोलतात, याचा अर्थ ते शिष्ट आहेत असा नव्हे. लहान, दाटीच्या बेटावर दुसऱ्याचे एकांत जपावे लागते. घरे रंगावाचून आणि बागा ओसाड दिसतील, कारण कारखाने युद्धसामग्री बनवीत आहेत. कोणी जेवायला बोलावले तर बेताने खा. तुम्ही जे खाल ते त्या कुटुंबाचे आठवड्याचे शिधापत्रक असेल. राजाबद्दल वावगे बोलू नका. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हा हिशेब तक्रार न करता शिका. १९४५ मध्ये पॅरिसहून निघालेल्या दुसऱ्या पुस्तिकेत फ्रेंचांविषयीच्या सैनिकांच्या ११२ तक्रारी घेऊन प्रत्येकीला शांतपणे उत्तर दिले होते. फ्रेंच अस्वच्छ का, या तक्रारीला उत्तर असे की जर्मन अमलात त्यांना धड साबण मिळत नव्हता.

सैन्यातूनच पुढचा उपदेशक निघाला. आर्थर फ्रोमर यांनी जर्मनीत नोकरीवर असताना १९५५ मध्ये सैनिकांसाठी स्वस्त प्रवासाची पुस्तिका लिहिली, आणि १९५७ मध्ये ‘युरोप ऑन ५ डॉलर्स अ डे’ हे पुस्तक आले. दिवसाला पाच डॉलरमध्ये मुक्काम आणि जेवण! खोलीला जोडून स्वतंत्र स्नानगृह मागू नका, लहान घरगुती वसतिगृहात उतरा, असे ते सांगत. पैसा कमी खर्च केला तर त्या देशाच्या माणसांजवळ जाता येते, हा त्यांचा खरा सिद्धान्त होता. २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन ॲम कंपनीचे बोइंग ७०७ विमान न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाले, १९५९ मध्ये तेरा देशांत चालणारा युरेल पास मिळू लागला, आणि युरोप हा शिक्षकाच्या व कारकुनाच्याही आवाक्यात आला. १९८० मध्ये रिक स्टीव्ह्ज यांनी एका पिशवीत मावेल तेवढेच घ्या असे बजावले, तेव्हा बेयर्ड टेलरचीच काठी जणू नव्या हाती आली. फ्रोमर नोव्हेंबर २०२४ मध्ये, पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले.

आज प्रथमच निघालेल्या अमेरिकनाला काय सांगावे? नियम बदलले आहेत. १९९५ पासून अमलात आलेल्या शेंगेन व्यवस्थेत आता २९ देश आहेत. तेथे १८० दिवसांत एकूण ९० दिवस राहता येते, प्रत्येक देशात वेगळे ९० नव्हेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सीमेवर शिक्क्याऐवजी छायाचित्र व बोटांचे ठसे घेण्यास टप्प्याटप्प्याने आरंभ झाला. ब्रिटन व आयर्लंड त्या व्यवस्थेबाहेर आहेत, आणि ब्रिटनसाठी अमेरिकनांना जानेवारी २०२५ पासून आगाऊ परवानगी काढावी लागते. युरोचे नाणे २००२ पासून हातात आले असले तरी स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक आणि डेन्मार्कमध्ये क्रोन चालतात.

याखेरीज लहानसहान गोष्टींत अमेरिकन अडतो, आणि गंमत अशी की त्यांपैकी बऱ्याच गोष्टी आपल्याला जन्मापासून ठाऊक असतात. ‘पहिला मजला’ म्हणजे तळमजल्याच्या वरचा. तारखेत दिवस आधी आणि महिना नंतर. वीज २३० व्होल्टची, त्यामुळे अमेरिकेतील १२० व्होल्टचे केस वाळवण्याचे यंत्र लावताच जळते. उष्णता सेल्सियसमध्ये आणि अंतर किलोमीटरमध्ये. अमेरिकेने १८६६ मध्ये दशमान मापे कायदेशीर केली, पण सक्तीची केली नाहीत, म्हणून हा घोळ. आपल्या नातवंडांना हे आजी-आजोबांकडून फुकट शिकता येईल! इतर गोष्टी मात्र मुद्दाम सांगाव्या लागतात. फ्रान्समध्ये दुकानात शिरताच आधी ‘बाँजूर’ म्हणावे, मग वस्तू मागावी. न म्हणणे हा तेथे उद्धटपणा आहे. जेवणाच्या दरात तेथे सेवेचा आकार धरलेला असतो, अमेरिकेप्रमाणे पाचवा हिस्सा वर ठेवण्याचे कारण नाही. इटलीत स्थानिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरील यंत्रात उमटवून घ्यावे, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारीच पाव आणून ठेवावा.

पूर्वजांचे गाव शोधायला जाणाऱ्याने आणखी एक करावे. १८९२ ते १९५४ या काळात एकट्या एलिस बेटावरून सुमारे १ कोटी २० लाख माणसे अमेरिकेत उतरली, आणि पुढे नव्या देशात अनेकांच्या नावांचे लेखन बदलत गेले. म्हणून घरून निघण्यापूर्वीच गावाचे नेमके नाव आणि आडनावाचे जुने रूप शोधून ठेवावे. चर्चमधील जन्ममृत्यूची नोंदवही त्या नावानेच उघडते. १९६३ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी आयर्लंडमधील डंगन्सटाउन येथे गेले. दुष्काळाच्या काळात त्यांचे पणजोबा तेथून निघाले होते. जगातील सर्वांत बलाढ्य माणूस शेतकरी नातलगांच्या अंगणात चहा प्यायला, आणि त्या घरच्यांनी त्याला आपला म्हटले. तरीही तो पाहुणाच होता. चहा झाल्यावर त्याला निघावेच लागले.

हे वाचताना आम्हाला आपल्याच घरांची आठवण झाली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे सात-आठ पिढ्या राहिलेली आपली कुटुंबे कुलवृत्तांत उघडून कोकणातले वा देशावरचे मूळ गाव शोधत जातात. देवळात नारळ ठेवतात, पडक्या जोत्याचा दगड पाहून गहिवरतात, आणि मग गावातील माणूस आपल्या मराठीतील गुजराती वा हिंदी हेल ऐकून विचारतो, “पाहुणे कुठले?” या प्रश्नाने मन दुखावते. पण प्रश्न खरा आहे. आपल्या पूर्वजांनी गाव सोडले तेव्हा गाव तेथे थांबून राहिले नाही. ज्यांनी मागे राहून शेत कसले, दुष्काळ काढले, देऊळ सांभाळले, त्यांचे ते झाले.

पूर्वजांची भूमी पाहणे हा वारसा असेल, तो मालकीहक्क नव्हे. आपल्या नातवंडांपैकी कोणी पुढच्या उन्हाळ्यात रोमला वा पॅरिसला निघाले, तर त्यांना तेथे पूर्वजांचे घर नाही, पण पाहुण्याची रीत हीच लागू आहे. सामान थोडे न्यावे, आधी नमस्कार करावा, आपल्या घरचे माप दुसऱ्याच्या घराला लावू नये. आणि मूळ गावी जाऊ तेव्हा हेच आपणही पाळावे.