व्यंगचित्रातील अस्वल

मुलांची आवड उपजत असते, असे आपण समजतो. इतिहास निराळेच सांगतो. १९०२ च्या नोव्हेंबरात मिसिसिपीत शिकारीस गेलेले अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी झाडाशी बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचे नाकारले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ पत्रात बेरिमन यांनी त्या प्रसंगाचे व्यंगचित्र काढले. त्यांच्या पुढील चित्रांत ते अस्वल अधिकच लहान व गोजिरवाणे झाले. ब्रुकलिनचे दुकानदार मॉरिस मिचटम यांनी त्यावरून ‘टेडी’ विक्रीस मांडला. जर्मनीतील श्टाइफ कारखान्याने तर एकट्या १९०७ साली सुमारे पावणेदहा लक्ष अस्वले केली. मूळ जखमी अस्वल मात्र अध्यक्षांच्याच आज्ञेने मारले गेले होते. चित्राने तेवढे गाळले. खेळणे मूल निवडते खरे. परंतु त्यापुढे काय ठेवावे व काय गाळावे, हे आधीच वडील माणसांनी ठरविलेले असते, असे आम्हांस वाटते.